दाराआडची चिमणी

लहान मुलांच्या गोष्टीवर समीक्षा लिहिण्यासारखे काय असते, असे एका विद्वान स्नेह्याने मला पूर्वी विचारले होते. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. ते पुढे पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेत, दुसरीच्या वर्गातल्या एका मुलीने दिले.

गोष्ट काऊ-चिऊची होती. शेणाच्या घरातला कावळा, मेणाच्या घरातली चिमणी, एक मोठा पाऊस आणि एक बंद दार. मी ती मास्तरी थाटात सांगत होतो. कावळा आळशी म्हणून त्याचे घर वाहून गेले, चिमणी उद्योगी म्हणून तिचे टिकले. शेवटी कावळा सुधारला आणि दोघे मित्र झाले. ती मुलगी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती आणि फडावरच्या कोपीत चार-पाच महिने काढून नुकतीच परतली होती. ती म्हणाली, “गुरुजी, चिमणी घरातच व्हती ना? मंग दार का नाय उघडलं?” मी म्हणालो, ती बाळाचे करण्यात गुंतली होती. “बाळाला कडंवर घिऊन बी कडी काढता येती,” ती म्हणाली. वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही.

घरी आल्यावर मी गोष्ट पुन्हा मनाशी मांडून पाहिली. माझ्या आजीच्या सांगण्यात कावळ्याचा आळस कोठेच नव्हता. तो आम्ही शिकल्यासवरल्या लोकांनी मागाहून घातला. विटांचे घर बांधणाऱ्या डुकराच्या विलायती गोष्टीचा तो संस्कार असावा. मूळ कथा एवढेच सांगते की एकाचे घर शेणाचे होते, दुसरीचे मेणाचे होते आणि पाऊस आला. आमचा नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) बराचसा पर्जन्यछायेतला. येथे वैशाखात मेणाचे घर किती दिवस उभे राहील? शेणाचे मात्र वाळून खडखडीत होईल. म्हणजे ऋतू पालटला असता तर दार ठोठावण्याची पाळी चिमणीवर आली असती. घर कोणाचे टिकले हा स्वभावाचा प्रश्न नाही, हवामानाचा आहे. स्वभावाचा प्रश्न दार वाजल्यानंतर सुरू होतो.

आणि येथेच या कथेची बांधणी लक्षात येते. चिमणी थांबायला सांगते: बाळाला न्हाऊ घालायचे आहे, पुसायचे आहे, निजवायचे आहे. एकेक सबब म्हणजे दार उघडण्याची एकेक संधी, आणि दर संधीला चिमणी तीच राहते. आपण ज्याला कथानक म्हणतो ते या गोष्टीत दुसरे काही नाही. न झालेल्या स्वभावपरिवर्तनांची ती एक ओळ आहे. कावळ्याने बदलावे अशी अपेक्षा कथा करीतच नाही. तो भिजलेला आहे, तेवढे पुरे. अखेर दार उघडते तेव्हाही, काही घरांतल्या सांगण्याप्रमाणे, तापल्या तव्याचा चटकाच त्याच्या वाट्याला येतो.

रशियन अभ्यासक प्रॉप याने 1928 साली परीकथांच्या रचनेचा जो विचार मांडला, त्यात पात्राच्या अंतरंगापेक्षा त्याच्या कृतीला महत्त्व आहे. ते मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. तीच कृती दोन कथांत दोन अर्थ कशी धारण करते? भोपळ्यातली म्हातारी घ्या. तीही वाघाला थांबायलाच सांगते: लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते, मग मला खा. तिचेही शरीर बदलते, स्वभाव नाही. कथानकाची कळ तीच, लांबणीवर टाकणे. पण तेथे दुबळी म्हातारी बलवंताला थांबवते म्हणून मुले टाळ्या पिटतात; येथे उबेत बसलेली चिमणी भिजणाऱ्याला थांबवते. सबबीचे मोल ती दाराच्या कोणत्या बाजूने सांगितली जाते यावर ठरते. माझ्या मते बालकथेचे मर्म पाहायचे ते येथे.

मग परिवर्तन कोठेच नाही काय? नगरच्याच किल्ल्यात चिमण्यांची एक निराळी गोष्ट लिहिली गेली आहे. 1942 च्या ऑगस्टपासून तेथे बंदिवासात असलेल्या मौलाना आझादांनी आपल्या खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांविषयी जे लिहिले, ते ‘गुबार-ए-खातिर’ या 1946 च्या पुस्तकात आहे. आधी त्यांना हुसकावण्याचे युद्ध, मग माघार, मग मैत्री. तेथे सांगणारा स्वतः बदलतो, कारण तेथे ‘मी’ आहे. आजीच्या गोष्टीत असा ‘मी’ नसतो. ती जागा ऐकणाऱ्या मुलासाठी रिकामी ठेवलेली असते. चिमणी बदलत नाही म्हणूनच मूल अस्वस्थ होते, आणि पुढे कधी आपले दार वाजले म्हणजे ती अस्वस्थता त्याला आठवते. कावळ्याला सुधारून मी वर्गातल्या मुलांची तीच जागा बुजवून टाकली होती.

तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात ही कथा सापडते. तेथे चिमणीच्या जागी साळई आहे, पण शेण आणि मेण तेच. शेवगावच्या शिवेपलीकडे गोदा ओलांडली की चक्रधरांच्या वास्तव्याचे पैठण लागते. एवढ्या जवळची आणि एवढी जुनी गोष्ट आम्हा मास्तरांना दुरुस्त करावीशी वाटावी, हे आमचेच दुर्दैव.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी आजीची, काहीही न सुधारता. ती मुलगी गप्प बसून ऐकत होती. संपल्यावर एवढेच म्हणाली, “आमच्या कोपीला दारच नसतं, गुरुजी. पोतं टाकतात.”

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पाथर्डी-शेवगावकडच्या टोळ्या कोयते बांधून निघण्याच्या तयारीत असतील, आणि त्यांच्या मागे वर्गांतली काही बाके रिकामी पडतील. फडावर एखाद्या रात्री अवकाळी पाऊस येईल. गोष्टीतली चिमणी तेव्हाही बाळाला निजवीतच असेल. तिच्याकडून मला आता अपेक्षा नाही. कडी आपल्या हाताशी आहे.