हवा खरी, माणसं? : ‘ब्लॅक शार्क’ या हेलिकॉप्टर-खेळाविषयी



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन केला. सर, तत्त्वज्ञान सोडून तुम्ही व्हिडिओ गेमकडे कसे वळलात? त्यांना म्हटलं, सोडलेलं काहीच नाही. कलेतलं वास्तव म्हणजे काय, हा प्रश्न मी आयुष्यभर वर्गात शिकवला. उदाहरणं नाटकाची, चित्राची, कादंबरीची असायची. गेल्या वर्षी नातवानं मला त्याच्या खुर्चीत बसवलं, हातात जॉयस्टिक दिली, आणि तोच प्रश्न एका भलत्याच दारातून आत आला. म्हणून आज त्यावर बोलतोय.

खेळाचं नाव ‘डीसीएस : ब्लॅक शार्क’. ईगल डायनॅमिक्स या कंपनीनं तो २००८ मध्ये आणला, पुढे सुधारित आवृत्त्याही आल्या. यात आपण का-५० हे रशियन लढाऊ हेलिकॉप्टर चालवतो. खरं का-५० कामोव्ह या संस्थेनं बनवलं, पहिलं उड्डाण १९८२ सालचं. वैमानिक एकच. शेपटीला पंखा नाही. डोक्यावर मात्र एकावर एक असे दोन पंखे, एकमेकांच्या उलट दिशेनं फिरणारे, प्रत्येकाला तीन पाती. आपल्या नौदलाची कामोव्ह-३१ ज्यांनी पाहिली असेल, त्यांच्या डोळ्यांसमोर ही रचना लगेच उभी राहील.

या खेळाचं कौतुक मुख्यतः एका गोष्टीसाठी होतं. त्यातलं उड्डाणाचं भौतिकशास्त्र खरं आहे, असं म्हणतात. आता इथे थोडं थांबू. ‘खरं’ म्हणजे काय?

हेलिकॉप्टर पडद्यावर उडवायचे दोन मार्ग आहेत. पहिला परिणामांचा. दांडा इतका पुढे ढकलला की नाक इतकं खाली जाईल, अशी कोष्टकं आधीच करून ठेवायची. दिसायला ठीक दिसतं. दुसरा मार्ग कारणांचा. पातं हवेतून कोणत्या वेगानं, कोणत्या कोनात जातंय, त्यावर किती जोर येतोय, पातं वर-खाली किती झुलतंय, हे सगळं क्षणाक्षणाला मोजायचं, आणि या सगळ्याची बेरीज म्हणून हेलिकॉप्टर जे करील ते करू द्यायचं. ‘ब्लॅक शार्क’ दुसऱ्या मार्गानं जातो. ‘आता हे पडेल’ असं कुणी लिहून ठेवलेलं नसतं. ते पडतं, कारण पडण्याची कारणं जमून आलेली असतात.

एक उदाहरण देतो. हेलिकॉप्टर पुढे जवळजवळ न सरकता झपाट्यानं सरळ खाली उतरू लागलं, तर ते आपल्याच पंख्यांनी खाली लोटलेल्या हवेत शिरतं. पात्यांभोवती हवेचं कडं तयार होतं, आणि पंखा तीच हवा पुन्हा पुन्हा घुसळत बसतो. यंत्र खाली जाऊ लागतं. माणूस काय करील? ताकद वाढवील. कलेक्टिव्ह म्हणजे डाव्या हाताचा दांडा, तो वर ओढील. आणि इथेच फसेल, कारण ताकद वाढवली की ते कडंही बळावतं. सुटायचं असेल तर तिथून बाजूला व्हावं लागतं, नाक खाली करून पुढे निघावं लागतं, स्वच्छ हवेत. जमीन जवळ येत असताना नाक जमिनीकडे करायचं! मी पहिल्या दिवशी नऊ वेळा आपटलो. नातू मागून ओरडत होता, “आजोबा, ओढू नका, पुढे ढकला!” मला ऐकू येत होतं, पटतही होतं, पण हात ओढतच होता.

आता आपल्या परंपरेकडे येतो. नाट्यातल्या अनुभवाविषयी शंकुकानं मांडलेलं एक मत अभिनवगुप्तानं ‘अभिनवभारती’त नोंदवून ठेवलंय. चित्रतुरगन्याय. भिंतीवर घोडा रंगवलाय, आपण म्हणतो ‘हा घोडा’. हे ज्ञान खरं आहे का? नाही. खोटं? तसंही नाही, कारण आपण फसलेलो नसतो. संशय आहे का? नाही. नुसतं सादृश्य, ‘घोड्यासारखं’? तेही नाही. या चारांहून वेगळीच ती प्रतीती. नटाला पाहून ‘हा राम’ म्हणतो ती अशी, असं शंकुकाचं म्हणणं. त्यावर पुढे भट्टतौतानं कडक आक्षेप घेतले, तो भाग आज बाजूला ठेवू.

माझा मुद्दा असा, की ‘ब्लॅक शार्क’ हाही चितारलेलाच घोडा आहे, पण हा घोडा स्वाराला खाली पाडतो. रंगवलेला घोडा कधी कुणाला पाडत नाही. नटाचा राम माझ्या चुकीची शिक्षा मला देत नाही. इथे चित्र माझ्या इच्छेला नकार देतं. आणि वास्तवाची एक जुनी, साधी ओळखच ही आहे, की आपल्याला हवं म्हणून ते बदलत नाही. त्या अर्थानं या खेळातली हवा खरी आहे, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. आपल्या चुकीचा राग हवेवर काढता येत नाही, ही शिकवण काही लहान नव्हे.

पण एवढ्यावर समीक्षा संपत नाही.

दोन पंख्यांच्या या रचनेत एक धोका आहे. वेगात असताना जोरात वळवलं, तर एका बाजूला वरच्या पंख्याचं पातं खाली झुकतं आणि खालच्याचं वर उठतं. अंतर संपलं की पाती एकमेकांवर आदळतात. खेळात हे होतं, आणि ते दाखवल्याबद्दल जाणकार खेळाची पाठ थोपटतात. १९९८ मध्ये हे प्रत्यक्षात घडलं. बोरिस व्होरोब्योव्ह हे रशियन सेनाधिकारी आणि अत्यंत अनुभवी वैमानिक का-५० उडवत असताना पाती आदळली, आणि ते गेले. तीच हवा, तेच गणित. माझ्या पडद्यावर मात्र एक कळ दाबली की मी पुन्हा धावपट्टीवर. खेळ म्हटला की एवढी सूट असणारच, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चुकीचं फळ मिळतं, हे खेळाचं ब्रीद असेल, तर ते फळ कुणाकुणाला मिळतं, हे विचारायला हवं.

आता बंदुकीच्या दुसऱ्या टोकाकडे जाऊ. का-५०चं क्षेपणास्त्र ‘विखर’. ते लेसरच्या किरणावरून जातं, म्हणजे सोडून मोकळं होता येत नाही. ते लागेपर्यंत लक्ष्यावर नेम धरून ठेवावा लागतो. कॉकपिटमधल्या लहानशा टीव्ही पडद्यावर कित्येक सेकंद तुम्ही त्या ट्रककडे बघत असता. मारणाऱ्यानं शेवटपर्यंत बघत राहिलं पाहिजे, अशी सक्ती करणारं हे शस्त्र. याहून मोठी नैतिक परिस्थिती नाटककारालाही सुचणं अवघड. आणि त्या सेकंदांत खेळ काय दाखवतो? एक करडा ठिपका. मग धूर.

हा सगळा प्रसंग घडतो कुठे? नकाशा खरा आहे. काळ्या समुद्राचा किनारा, सुखुमी, बातुमी. खेळ आला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रशिया आणि जॉर्जियाचं खरं युद्ध झालं, आणि अबखाझिया, म्हणजे ज्या भागात सुखुमी येतं तो भाग, त्यातली एक आघाडी होता. लोक घर सोडून पळाले. खेळातल्या डोंगरांची उंची नीट आहे, धावपट्ट्यांची दिशा नीट आहे. आणि रस्त्यावरची नागरी वाहनं? डीसीएसमध्ये तो सेटिंगमधला एक पर्याय आहे. जास्त ठेवा, कमी ठेवा, बंद ठेवा. संगणकावर भार पडत असेल तर बंद केलेली बरी. पात्याचं झुलणं बंद करून चालत नाही, माणसांची ये-जा बंद करून चालते.

यावर उत्तर येईल, की सर, हा उड्डाणाचा खेळ आहे, याच्याकडे कादंबरीची अपेक्षा कशाला? आक्षेप योग्य आहे. प्रत्येक कला निवड करते, सगळं कुणीच दाखवत नाही. पण हे विमानप्रवासाचं यंत्र नाही, युद्धाचं आहे. हवेच्या बाबतीत हा खेळ इतका काटेकोर आहे, की त्याची पत वाढते. त्या पतीवर मग युद्धाचं चित्रही उधारीनं खपतं. ‘हे सगळं अगदी खरं आहे’ असं खेळणारा म्हणतो, तेव्हा त्यातलं किती हवेबद्दल आहे आणि किती युद्धाबद्दल, हे त्याचं त्यालाही वेगळं करता येत नाही.

रक्त दाखवा, असं मी म्हणत नाही. त्यानं उलट थिल्लरपणा येईल. खेळासोबत मोहिमा रचण्याचं साधन दिलेलं आहे, कुणीही ते वापरू शकतो. एखादी मोहीम अशी रचावी, जिथे पडद्यावरचा ठिपका कुणाचा हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि नेम धरूनही गोळी न झाडता परतणं हेच योग्य ठरतं. भौतिकशास्त्र जसं हाताला ‘ओढू नको’ शिकवतं, तसं काहीतरी. त्यासाठी नवं गणित लागत नाही, फक्त तो प्रश्न पडायला हवा.

शेवटी माझ्याबद्दल एक कबुली. काही आठवड्यांनी माझं पहिलं क्षेपणास्त्र लागलं. नातवानं टाळी दिली, मीही खूश झालो. खरोखर खूश झालो. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवू लागलो, तर नऊ वेळचं पडणं एकूण एक आठवत होतं, प्रत्येक चुकीसकट. तो ट्रक कुठून कुठे चालला होता, हे मात्र आठवेना. मग लक्षात आलं, आठवेना असं नाही. मी बघितलंच नव्हतं. कित्येक सेकंद नेम धरून मी त्याच्याकडे बघत होतो, आणि बघितलं नव्हतं.

हा दोष खेळाचा किती आणि माझा किती, ते तुम्ही ठरवा. प्रश्न असतील तर आता घेऊ.