व्हार्गटिमन

व्हार्गटिमन : एक विख्यात स्वीडिश कृष्णधवल चित्रपट (१९६८). शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘लांडग्याची घटका’. ‘अवर ऑफ द वुल्फ’ ह्या इंग्रजी नावानेही तो ओळखला जातो. लेखक व दिग्दर्शक इंगमार बर्गमन (१९१८–२००७), छायाचित्रण स्वेन निकव्हिस्ट, संगीत लार्स योहान व्हेर्ले, संकलन उला रीघे. माक्स फोन सिडोव्ह, लिव्ह उल्मान, इंग्रिड थुलीन, एर्लांड योसेफसन व गेऑर्ग रिडेबेर्ग ह्यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. रात्र सरत आलेली पण उजाडलेले नाही, अशी ही घटका. ह्याच वेळी सर्वाधिक माणसे मरतात व सर्वाधिक बालके जन्मतात, आणि जागे असणाऱ्यांना त्यांची सर्वांत खोल भीती ग्रासते, अशी समजूत चित्रपटात सांगितली आहे.

ह्या चित्रपटाचे बीज बर्गमन ह्यांच्या ‘नरभक्षक’ अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या पटकथेत आढळते. आजारपणामुळे तो प्रकल्प बाजूला पडला आणि रुग्णालयात असताना त्यांनी ‘पेर्सोना’ (१९६६) ह्या चित्रपटाची कथा लिहिली. त्यानंतर मूळ संहिता नव्या रूपात चित्रित झाली. समुद्रकाठची दृश्ये दक्षिण स्वीडनमधील होव्हस हालार ह्या खडकाळ किनाऱ्यावर घेतली आहेत. ‘सातवी मुद्रा’ (१९५७) ह्या बर्गमन ह्यांच्या चित्रपटातील मृत्यूचे प्रथमदर्शनही ह्याच किनाऱ्यावर घडले होते.

कथानक थोडक्यात असे : योहान बोर्ग हा चित्रकार आपली गर्भवती पत्नी आल्मा हिच्यासह एका फ्रिजियन बेटावर राहतो. त्याला झोप येत नाही. ज्या आकृती त्याला दिसतात त्यांची तो रेखाटने करतो व पत्नीला त्यांची ओळख करून देतो. बेटावरील गढीचा मालक बॅरन फोन मेर्केन्स ह्याच्याकडे दोघे जेवायला जातात. यजमान मंडळी स्तुती, कुचेष्टा व दारू ह्यांच्या साहाय्याने चित्रकाराला हळूहळू आपल्या कह्यात घेतात. त्याची पूर्वीची प्रेयसी व्हेरोनिका फोग्लर हिचे आमिष त्याला दाखविले जाते. अखेरीस ह्या मंडळींपैकीच एकाने आणून दिलेले पिस्तूल तो आल्मावर झाडतो, गढीत जातो, तेथे त्याची विटंबना होते आणि तो कायमचा नाहीसा होतो. मागे उरते ती त्याची रोजनिशी आणि आल्माची साक्ष.

एका मनोरुग्ण कलावंताची ही हकिगत आहे, असे म्हणून चित्रपटाचा उलगडा होत नाही. तसे असते, तर गढीतील माणसे योहानलाच दिसावयास हवी होती. परंतु प्रेक्षकासमोर त्यांच्यापैकी सर्वप्रथम येणारी टोपीवाली वृद्धा भर दिवसा आल्माला भेटते, आपले वय दोनशे सोळा असल्याचे सांगून लगेच ते शहात्तर करते आणि नवऱ्याने लपवून ठेवलेली रोजनिशी वाचावयास सुचविते. भ्रमाचा संसर्ग होतो काय, हा ह्या चित्रपटाचा खरा प्रश्न होय. फार काळ एकत्र राहिलेली माणसे एकमेकांसारखी होतात, हा आल्माचा विश्वास आरंभी संसारी सुखाचा वाटतो. पण जसजसे कथानक पुढे सरकते, तसतसे त्या विश्वासाचेच भय वाटू लागते. म्हणूनच चित्रपटातील सर्वांत हृद्य प्रसंग भुताखेतांचा नाही. आल्मा घरखर्चाचा हिशेब योहानला वाचून दाखविते आणि तो ऐकल्यासारखे करतो, एवढेच त्यात घडते. त्या वहीतील किरकोळ रकमा म्हणजे ह्या स्त्रीने वास्तवाशी बांधलेली दोरी आहे. असाच दुसरा प्रसंग एका मिनिटाचा. एक मिनिट किती लांब असते, हे पाहण्यासाठी योहान घड्याळ हातात धरतो. ते मिनिट पडद्यावर जवळजवळ पुरे चालते व असह्य होते. कोणत्याही तांत्रिक करामतीविना निद्रानाशाची जात एवढ्या अचूकपणे क्वचितच दाखविली गेली असेल.

योहानची चित्रे प्रेक्षकाला कधीच दिसत नाहीत. रेखाटने दाखविली जातात ती आल्माला. कॅमेरा असतो तिच्या चेहऱ्यावर. गढीत टांगलेल्या व्हेरोनिकाच्या चित्राबाबतही हेच घडते. चित्रकार मोठा आहे की सामान्य, हे ठरविण्याचे साधनच दिग्दर्शकाने काढून घेतले आहे. त्यामुळे ‘प्रतिभा आणि उन्माद’ ह्या घासून गुळगुळीत झालेल्या सिद्धांताला येथे फारसा वाव उरत नाही. कलेची किंमत उन्मादाने चुकती होते, असे म्हणण्यासाठी कला तरी दिसावयास हवी. ‘नरभक्षक’ ह्या मूळ शीर्षकाचे प्रयोजन अशा वेळी ध्यानात येते. कलावंताला चघळून खाणारे आश्रयदाते व त्यांच्या कौतुकाला चटावलेला कलावंत, असे हे परस्परपूरक भक्षण आहे. भोजनाच्या प्रसंगी गरगर फिरणारा कॅमेरा एकाही चेहऱ्यावर ठरत नाही, तेव्हा हा अर्थ शब्दांवाचून पोहोचतो.

गढीतील कठपुतळ्यांच्या रंगभूमीचा प्रसंगही महत्त्वाचा आहे. मोट्सार्टच्या ‘जादूची बासरी’ (१७९१) ह्या संगीतिकेतील एक तुकडा तेथे सादर होतो. अंधारात सापडलेला टामिनो ही रात्र कधी संपणार, असे विचारतो. त्यावर लिंडहोर्स्ट हा पुराभिलेखपाल जे भाष्य करतो, ते सर्वस्वी रसिकाचे आहे. आणि बोलणारा मात्र पिशाच आहे. सौंदर्याची उत्तम जाण असणे म्हणजे सज्जन असणे नव्हे, ही गोष्ट बर्गमन ह्यांनी येथे फार थंडपणे सांगितली आहे. लिंडहोर्स्ट, हेरब्रांड, क्राइस्लर ही नावे जर्मन कथाकार ई. टी. ए. होफमान ह्याच्या साहित्यातून घेतलेली आहेत.

उत्तरार्धात मात्र चित्रपटाचा तोल ढळतो. मत्सराने भिंतीवरून छतावर चालत जाणारा बॅरन, चेहरा उतरवून डोळे पेल्यात ठेवणारी म्हातारी, लिंडहोर्स्टला फुटणारे पंख ही सर्व दृश्ये प्रभावी असली, तरी भयपटांच्या जुन्या सामग्रीतून उचललेली वाटतात आणि पूर्वार्धातील संदिग्धतेला ती जाड करून टाकतात. ज्या ठिकाणी भय उसने नाही, त्या ठिकाणी ते टिकते. खडकावरील मुलाच्या हत्येचा प्रसंग अतिप्रकाशित, जळून पांढऱ्या पडलेल्या चित्रचौकटींत दाखविला असून त्यात संवाद नाहीत, केवळ संगीत आहे. निकव्हिस्ट ह्यांनी अंधारापेक्षा उजेडच अधिक भीषण करून दाखविला आहे. लहानपणी शिक्षा म्हणून कपाटात कोंडले गेल्याची योहानची आठवणही अशीच. काडीच्या उजेडात सांगितलेल्या त्या कथनात दृश्य असे काहीच नाही.

निवेदनाची चौकट सैल आहे, हा दुसरा दोष. आरंभी आल्मा थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलते व सारी हकिगत तिच्या तोंडून आली आहे, असे सूचित होते. मात्र तिने पाहिलेच नसतील असे प्रसंग पुढे तितक्याच ठामपणे दिसतात. ते रोजनिशीतील आहेत, असे म्हणून ही अडचण भागते, परंतु आल्मा बराच काळ नजरेआड होते. लिव्ह उल्मान ह्यांचा संयत अभिनय पाहता ही हानी विशेष जाणवते. १९६८ साली त्यांना ह्या व ‘लज्जा’ ह्या चित्रपटांतील भूमिकांबद्दल अमेरिकेतील नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू ह्या संस्थेचा उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. शेवटी आल्मा पुन्हा कॅमेऱ्यासमोर येते. आपले प्रेम कमी पडले म्हणून त्याचे रक्षण झाले नाही, की प्रेम अति झाल्यामुळे आपल्यालाही ती माणसे दिसू लागली, हा तिचा प्रश्न अर्ध्यावर तुटतो आणि तेथेच चित्रपट थांबतो.

सिडोव्ह व उल्मान ह्यांनाच घेऊन बर्गमन ह्यांनी पुढे ‘लज्जा’ (१९६८) व ‘एक यातना’ (१९६९) हे चित्रपट केले. बेटावर एकाकी पडलेले जोडपे तिन्हींत आहे. ‘लज्जा’मध्ये ते युद्धात सापडते. ‘जादूची बासरी’ ही संपूर्ण संगीतिका त्यांनी स्वीडिश दूरचित्रवाणीसाठी चित्रित केली व ती १९७५ मध्ये प्रसारित झाली. तीत टामिनोच्या प्रश्नाला पिशाचाचे भाष्य नाही.