वगाला वेळ कुणाकडे आहे?

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, घासाघीस करतात, सुपारी देऊन जातात. फडाचं निम्मंअधिक वर्ष इथेच ठरतं. त्यातही अवकाळी बरसला, गावात मयत झाली, की खेळ गेला. कलावंतानं फडमालकाकडून घेतलेली उचल मात्र डोक्यावर राहते. २०२०च्या चैत्रात तर यात्राच भरल्या नाहीत.

उद्याचा भरवसा नसणं तमाशाला नवं नाही. किंबहुना त्यातूनच त्यानं आपली कला घडवली. वगाची, म्हणजे तमाशातल्या नाट्याची, कथा ठरलेली, पदं ठरलेली. बाकी सगळं सोंगाड्याच्या जिभेवर. दादू इंदुरीकरांचं ‘गाढवाचं लग्न’ गाजलं ते या हजरजबाबीपणावर, कवलापूरच्या काळू-बाळूंचा ‘जहरी प्याला’ही तसाच. गवळण बघा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट अडते, मावशी पदर खोचून पुढे होते, आणि बोलता बोलता मथुरेचा बाजार त्याच गावचा होतो: पडलेला कांदा, ग्रामपंचायतीतलं भांडण, सगळं त्यात येतं. हशा आला नाही, तर ढोलकीवाला एक थाप टाकून सावरून घेतो. रोज नव्या गावासमोर नव्यानं उभं राहायचं, हीच या माणसांची निर्मिती.

आज राहुटीतली अनिश्चितता तशीच आहे, बोर्डावरची मात्र संपत चालली आहे. गण उरकला जातो, गवळण आखडते आणि रंगबाजीच्या नावाखाली सिनेमाची गाणी रेकॉर्डवर वाजतात. रेकॉर्डला उत्स्फूर्त जबाब काय देणार? त्यात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी. मध्यरात्रीनंतर रंगणारा वग पहिला कापला जातो. ‘प्रेक्षकच बिघडला’ ही तक्रार मला अर्धीच पटते. गाण्याची फर्माईश करणारी पोरंही मावशीनं सरपंचाला टोला हाणला की मोबाइल खाली घेतात.

शहरी कौतुकाचा मात्र मला कंटाळा आला आहे. खेळ चालू असताना बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर आलेल्या विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आपण निष्ठेचा नमुना म्हणून सांगतो. मला त्यात आधी दिसते ती बाईला थांबायची मुभा न देणारी व्यवस्था. कष्टांना साधना म्हटलं, की मजुरीचा विषय आपोआप टळतो.

तरीही फड निघतात. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे, कांताबाई सातारकरांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांनी ही परंपरा पुढे चालवली. पण नव्या वगाचं काय? सरकारी अनुदानातून ट्रकचं डिझेल निघेल, वग निघणार नाही. त्याला लिहिणारा हवा, महिना-दीड महिना तालीम हवी. तालमीला सवड असते ती पावसाळ्यात, आणि नेमके तेव्हाच कलावंत पांगून शेतमजुरीला गेलेले असतात. त्या महिन्यांचा पगार कुणी द्यायचा, यावर आधी बोलू; अस्सल तमाशाबद्दल मग.