गणेशखिंडीचा बंगला आणि भिडेवाडा

पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीविषयी लिहिताना बहुतेक लेखक मनोऱ्यापाशी रमतात. मनोरा देखणा आहे, यात वाद नाही. पण वास्तू समजायची तर आधी तिची दारे पाहावीत, मनोरा नंतर.

गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी पावसाळी मुक्कामासाठी हा बंगला 1864 मध्ये बांधायला घेतला. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा, घाट इटालियन वळणाचा, दगड मात्र आपला काळा. तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. 1865 मध्ये युद्ध संपले, बाजार कोसळला. बांधकाम चालूच राहिले आणि 1871 मध्ये पुरे झाले. या उधळपट्टीवर टीकाही पुष्कळ झाली.

त्याच 1864 साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट कर यांचा ‘द जंटलमन्स हाउस’ हा ग्रंथ निघाला. त्याचा गाभा एवढाच, की मालकाचे कुटुंब आणि नोकरमाणसे एका छपराखाली राहिली तरी त्यांच्या वाटा एकमेकींना छेदू नयेत. पाहुण्यांचा जिना वेगळा, चाकरांचा वेगळा. इंग्रजी ग्रामीण हवेली म्हणजे दगडात बांधलेली ही विभागणीच. गणेशखिंडीत तिच्यावर राज्यकर्त्याचा थाट चढला. 22 जून 1897 च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा करून रँड आणि आयर्स्ट निघाले ते याच बंगल्यातून. चापेकरांनी त्यांना गाठले ते बाहेरच्या रस्त्यावर.

1949 मध्ये विद्यापीठ स्थापन झाले, बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि गव्हर्नरांचे घर विद्येचे घर झाले, असे आपण अभिमानाने सांगतो. माझा आक्षेप इथेच आहे. इंग्लंडमधल्या स्टो हवेलीत 1923 मध्ये शाळा निघाली तेव्हा मुले ड्यूकच्या दालनांतच राहू-जेवू लागली. (शाळा श्रीमंतांचीच, हेही खरे.) आपल्याकडे विद्यापीठ वाढले ते बंगल्याभोवती; वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय सगळे बाहेर. बंगल्यात प्रशासन बसले. म्हणजे मालक बदलला, पण घराचा स्वभाव तोच राहिला. जालन्याकडच्या एखाद्या खेड्यातून शिकायला गेलेल्या मुलाला तो पोर्च आजही सरकारी वाटतो, त्याचे कारण या नकाशात आहे.

वाडे समतेचे होते, असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. आमच्या भागातल्या वाड्यांतही देवडीपर्यंत कोण, ओसरीपर्यंत कोण आणि माजघरात कोण, हे ठरलेलेच असे. म्हणून तर बुधवार पेठेतल्या भिडेवाड्याचे मोल मोठे. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा काढली. भिंती त्याच ठेवून त्यांनी आत कोणी यायचे, एवढेच बदलले. वास्तूचा उपयोग बदलणे म्हणतात ते हे.

2014 मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव दिले गेले. बंगल्याची डागडुजी तज्ज्ञ नेमून, जुना दगड न दगड राखून झाली. ती व्हायलाच हवी होती. भिडेवाडा मात्र वर्षानुवर्षे कोर्टकज्जात खचत राहिला आणि डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी जमीनदोस्त करावा लागला. पदवी घेतलेल्या मुली आज फोटोसाठी उभ्या राहतात त्या ट्रबशॉच्या मनोऱ्यासमोर.