अन्यभाषा आणि मातृभाषा

ईश्वराशीं बोलतांना मनुष्यानें स्वतःला न कळणारी भाषा वापरावी काय, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. अर्थ न समजतां संस्कृत मंत्र म्हणण्यांत आपल्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, आणि म्हणूनच संतांना मराठीचा पक्ष घ्यावा लागला. ख्रिस्ती धर्मांतील ‘अन्यभाषां’चा वाद ह्याहून एका बाबतींत निराळा आहे. मंत्राचा अर्थ निदान कोणाला तरी ठाऊक असतो. अन्यभाषेंत बोलणाराला मात्र आपण काय बोललों हें बहुधा सांगतां येत नाहीं. तरीही हें बोलणें पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण आहे असें पुष्कळ पेंटेकोस्टल मंडळ्या मानतात. आणि त्यांतील कांहीं तर त्यावांचून तारण पुरें होत नाहीं, इथपर्यंत जातात.

ह्या मताची परीक्षा करण्यास अमेरिकेस जाण्याचें कारण नाहीं. पंडिता रमाबाईंच्या केडगांव येथील मुक्तिसदनांत जून १९०५ च्या अखेरीस मोठी धर्मजागृति झाली. मुली रडूं लागल्या, पापें कबूल करूं लागल्या, शेंकडों कंठांतून एकाच वेळीं प्रार्थना होऊं लागली. लॉस एंजेलिस येथील अझुसा रस्त्यावरच्या प्रख्यात सभा एप्रिल १९०६ मध्यें सुरू झाल्या. म्हणजे केडगांवची जागृति त्यांच्याही आधींची. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनीं १९०६ सालीं ‘पवित्र आत्म्याचा व अग्नीचा बाप्तिस्मा’ ह्या अर्थाच्या नांवाचें इंग्रजी पुस्तक लिहिलें. तें चिली देशापर्यंत पोहोंचलें, आणि तेथें १९०९ च्या जागृतीस कारणीभूत झालें.

ह्या पुस्तकाचा इतिहासच मोठा बोधप्रद आहे. पहिल्या आवृत्तींत अन्यभाषांचें प्रतिपादन नव्हतें. त्याच वर्षीं निघालेल्या सुधारलेल्या आवृत्तींत तें आलें. म्हणजे पश्चात्ताप, शुद्धि आणि सेवेची उमेद ह्यांवरून आत्म्याचें कार्य लेखिकेनें आधींच ओळखलें होतें. अन्यभाषांचा सिद्धांत मागाहून जोडला गेला. जी खूण नसतांनाही वस्तु ओळखतां आली, ती खूण अपरिहार्य कशी म्हणावी?

रमाबाईंची भूमिका अधिक सावध होती. एक मुलगी आपणांस न येणाऱ्या इंग्रजी भाषेंत प्रार्थना करीत असलेली त्यांनीं ऐकली, आणि १९०७ सालीं मुक्तीच्या नियतकालिकांत त्याविषयीं लिहिलें. त्यांच्या सचोटीबद्दल शंका घेण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. परंतु ज्या घरांत इंग्रजी बोलणाऱ्या मिशनरी बाया रोज वावरत, तेथील मुलीच्या कानीं ते शब्द पडले नसतीलच असें म्हणतां येत नाहीं. म्हणून हा पुरावा चमत्कार सिद्ध करण्यास पुरत नाहीं. रमाबाईंनीं ह्या मुलींचा पक्ष टीकाकारांपुढें निर्भयपणें मांडला. मात्र प्रत्येकाला ही खूण लाभलीच पाहिजे असा आग्रह त्यांनीं धरला नाहीं.

अन्यभाषांची केवळ टवाळी करणारे टीकाकार एक गोष्ट विसरतात. ह्या मुली होत्या कोण? १८९६-९७ च्या व १९०० च्या दुष्काळांतून मध्यप्रांत, गुजराथ अशा ठिकाणांहून आणलेल्या अनाथ मुली आणि टाकलेल्या विधवा. त्यांतील कित्येकींना केडगांवची मराठीसुद्धां परकीच. ज्यांचें म्हणणें घरानें ऐकलें नाहीं, समाजानें ऐकलें नाहीं, त्यांचें दुःख व्याकरणांत मावलें नाहीं तर त्यांत नवल कसलें? त्या हुंदक्याला प्रार्थना न म्हणणें हें कठोरपणाचें होईल. मात्र हुंदका खरा, एवढ्यावरून तो न आलेल्यांची भक्ति खोटी ठरत नाहीं.

पौलाचा विवेकही हाच आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पन्नासाव्या दिवसाचें जें वर्णन आहे, त्यांत जमलेल्या परदेशीयांना आपापल्या भाषेंत बोलणें समजलें. करिंथच्या मंडळींत मात्र उलगडा करणाराची गरज पडे. पौल स्वतः अन्यभाषांत बोलत असे, त्यानें त्यांस मनाई केली नाहीं. पण सभेंत समजतील असे थोडे शब्द त्याला न समजणाऱ्या हजारों शब्दांहून मोलाचे वाटत, आणि हें दान सर्वांना मिळत नाहीं हेंही त्यानें सुचविलें. जें सर्वांना मिळत नाहीं, तें सर्वांच्या तारणाची अट होऊं शकत नाहीं.

दुसरी वाट सातारा-सांगलीकडच्या वाचकांना अधिक जवळची आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास येऊन राहिले आणि त्यांनीं ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्तभक्ति त्यांनीं अभंग, भजन व कीर्तन ह्यांत ओतली. भावनेचा पूर त्यांच्याही ठायीं कमी नव्हता; पण त्यांनीं त्याला मराठीचे कांठ दिले, म्हणून तें पाणी दुसऱ्याच्या शेतांत गेलें. १९१९ सालीं ते वारले, तरी त्यांचीं भजनें मराठी मंडळ्यांत टिकून राहिलीं. आणि मिरजेस डॉ. वॉनलेस यांनीं १८९४ सालीं उघडलेल्या रुग्णालयांत तर प्रार्थनेनें शब्दही सोडून हातांचें रूप घेतलें.

परंतु केडगांव आणि सातारा यांना परस्परविरुद्ध उभें करणें बरोबर होणार नाहीं. ज्या मुक्तिसदनांत अन्यभाषा उमटल्या, तेथेंच रमाबाई हिब्रू व ग्रीक मूळ ग्रंथांवरून, अल्पशिक्षित बायकांना समजेल अशा सोप्या मराठींत, बायबलचें भाषांतर वर्षानुवर्षें करीत होत्या. १९२२ सालीं मृत्यूपूर्वीं त्यांनीं तें पुरें केलें, आणि मुक्तीच्याच छापखान्यांतून तें बाहेर पडलें. ह्या भाषांतराहून चांगली टीका अन्यभाषांवर कोणीं लिहिलेली नाहीं. मुलींचें न कळणारें बोलणें रमाबाईंनीं थांबविलें नाहीं. त्यांच्या हातीं कळणारें पुस्तक मात्र त्यांनीं दिलें.