फेझ क्लॅन : एका ई-स्पोर्ट्स संस्थेचा उदय आणि ऱ्हास – एक चिकित्सा

प्रस्तावना :

व्हिडिओ गेम प्रेक्षकांसमोर, स्पर्धेच्या स्वरूपात आणि पगारी खेळाडूंनी खेळणे म्हणजे ई-स्पोर्ट्स, अशी या क्षेत्राची ढोबळ व्याख्या करता येते. या क्षेत्रातील संस्थांच्या इतिहासात अमेरिकेतील 'फेझ क्लॅन' या संस्थेची कथा विशेष उद्बोधक आहे. २०१० साली हौशी पोरांनी स्थापन केलेली ही संस्था जुलै २०२२ मध्ये ७२ कोटी ५० लाख डॉलर मूल्यांकनाने नॅस्डॅक या शेअर बाजारात दाखल झाली. त्यानंतर अवघ्या पंधरा महिन्यांत, ऑक्टोबर २०२३ मध्ये, तिच्या विक्रीचा करार जाहीर झाला तेव्हा तिची किंमत दोन कोटी डॉलरांहूनही कमी ठरली होती.

या घसरणीचे स्पष्टीकरण साधारणतः दोन प्रकारे दिले जाते. करोनाकाळात घरात अडकलेल्या प्रेक्षकांमुळे फुगलेला फुगा फुटला, हे एक. आणि व्यवस्थापन उधळे होते, हे दुसरे. दोहोंतही तथ्य आहे. परंतु त्यांतून एक विसंगती सुटत नाही. संस्था आर्थिकदृष्ट्या कोसळत होती, त्याच काळात तिचा प्रमुख संघ जगज्जेता होता. सततच्या पराभवाने एखादी क्रीडासंस्था लयाला जाणे समजण्यासारखे आहे. विजयाने तिला काडीचाही आधार न मिळणे मात्र विचार करायला लावणारे आहे. प्रस्तुत लेखात या विसंगतीचाच शोध घेतला आहे.

शेवटच्या गोळीचे कौतुक :

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' या गेममध्ये एक सोय होती. सामना संपताच शेवटचा नेम ज्याने साधला, त्याच्या नजरेतून तो क्षण सर्व खेळाडूंना पुन्हा दाखविला जाई. सामना जिंकण्याशी या पुनर्दर्शनाचा काहीही संबंध नव्हता. परंतु त्यामुळे प्रत्येक सामन्याच्या अखेरीस एक छोटासा रंगमंच आपोआप उभा राहू लागला, आणि तो काही चाणाक्ष पोरांनी हेरला. उंच इमारतीवरून उडी घ्यायची, हवेतच गिरकी मारायची आणि जमिनीला पाय टेकण्यापूर्वी, दुर्बिणीतून नीट नेम न धरता, प्रतिस्पर्ध्याला टिपायचे, या प्रकाराला 'ट्रिकशॉट' म्हणत. स्पर्धेच्या दृष्टीने तो निव्वळ वेळेचा अपव्यय होता. त्याचे सारे मोल अदाकारीत होते.

मे २०१० मध्ये तिघा तरुणांनी 'फेझ स्नायपिंग' या नावाने अशा क्षणांच्या चित्रफिती यूट्यूबवर टाकण्यास प्रारंभ केला. हा आरंभ नीट लक्षात घेतला नाही तर पुढचे काहीच उलगडत नाही. फेझ ही जन्मतः क्रीडासंस्था नव्हतीच. ती दिखाऊ कौशल्याची, किंबहुना कौशल्याच्या दिखाव्याची मंडळी होती. स्पर्धेत उतरणारा संघ तिने २०१२ मध्ये उभारला. पुढे लॉस एंजेलिस परिसरातील भाड्याच्या आलिशान घरांत सदस्य एकत्र राहू लागले. त्यांची भांडणे, थट्टामस्करी, रुसवेफुगवे हाच चित्रफितींचा विषय झाला. प्रेक्षक गेम पाहायला आले होते, ते पोरांसाठी थांबले. जानेवारी २०१६ मध्ये संस्थेने 'काउंटर-स्ट्राइक' या गेमचा एक तयार युरोपीय संघ विकत घेतला, तेव्हा एकाच नावाखाली दोन भिन्न व्यवसाय नांदू लागले. एकीकडे युरोपात तासन्‌तास सराव करणारे व्यावसायिक खेळाडू आणि दुसरीकडे कॅलिफोर्नियात कॅमेऱ्यासमोर जगणारे यूट्यूबर, असा हा संसार होता. दोघांचे प्रेक्षकही बव्हंशी वेगळे होते.

मालकी नेमकी कशाची? :

क्रिकेट किंवा कुस्ती कोणाच्याही मालकीची नाही. नियामक मंडळे असतात, त्यांची मनमानीही असते. परंतु उद्या एखाद्या मंडळाने दार बंद केले तरी मैदानावर चेंडू-फळी घेऊन उतरण्यापासून कोणी कोणास रोखू शकत नाही. ई-स्पोर्ट्सची गोष्ट मुळातच निराळी आहे. येथे खेळ हीच एका कंपनीची खासगी मालमत्ता असते. 'काउंटर-स्ट्राइक' व्हॉल्व्ह या कंपनीचा, 'कॉल ऑफ ड्यूटी' ॲक्टिव्हिजनचा. नियम बदलणे, लीग काढणे, ती मोडणे हे सर्व त्या मालकाच्या हाती. ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डने २०१८ मध्ये सुरू केलेल्या 'ओव्हरवॉच लीग'मधील आरंभीच्या संघांनी प्रवेशापोटी प्रत्येकी दोन कोटी डॉलर मोजण्याचे मान्य केल्याचे वृत्त होते. २०२३ च्या हंगामानंतर ती लीगच राहिली नाही. कूळ कितीही मेहनती असले तरी जमीन सावकाराची, असा हा व्यवहार आहे.

खेळ आपला नाही, मग माणसे तरी? मे २०१९ मध्ये 'फोर्टनाइट' या गेमचा विख्यात खेळाडू टर्नर टेनी ऊर्फ 'टीफ्यू' याने फेझविरुद्ध लॉस एंजेलिस येथे दावा दाखल केला. काही प्रकारच्या प्रायोजकीय उत्पन्नातील ८० टक्क्यांपर्यंत वाटा करारान्वये संस्थेला घेता येतो, अशी त्याची तक्रार होती. आपण प्रत्यक्षात केवळ ६० हजार डॉलर घेतले, खेळाडूने मात्र लक्षावधी मिळविले, असा संस्थेचा प्रतिवाद होता. ऑगस्ट २०२० मध्ये हा वाद तडजोडीने मिटला. चर्चा झाली ती करारातील जाचकतेची, आणि ती योग्यच होती. परंतु संस्थेचा प्रतिवाद खरा मानल्यास त्यातून अधिक गंभीर बाब सूचित होते : कागदावर इतका मोठा हक्क असूनही संस्थेला तो बजावता येत नव्हता. टीफ्यूचा प्रेक्षक टीफ्यूचा होता. त्याला नाराज करून त्याच्या लोकप्रियतेवर ताबा ठेवणे अशक्य होते.

मराठी रंगभूमीच्या अभ्यासकास हा पेच अपरिचित नाही. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले, तेव्हा मंडळीचे नाव मागे राहिले आणि प्रेक्षकांचा ओढा नव्या गंधर्व नाटक मंडळीकडे गेला. तरीही किर्लोस्कर मंडळीच्या संस्थापकाने निदान 'सौभद्र' स्वतः लिहिले होते. फेझजवळ स्वतःचे नाटकही नव्हते.

माणसांवर उभ्या असलेल्या संस्थेला माणसांच्या दोषांचीही किंमत मोजावी लागते. २०२१ च्या उन्हाळ्यात 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकण्याचा मान फेझला मिळाला. ई-स्पोर्ट्स संस्थेस तो प्रथमच मिळत होता. त्याच सुमारास, मुलांच्या कल्याणाचे नाव घेऊन काढलेल्या 'सेव्ह द किड्स' या आभासी चलनाची जाहिरात काही सदस्यांनी केल्याचे आणि त्या चलनाचा भाव लगेच कोसळल्याचे उघड झाले. १ जुलै २०२१ रोजी संस्थेने एका सदस्यास काढून टाकले व तिघांना निलंबित केले. चाहत्यांचा विश्वास हेच ज्याचे भांडवल, त्याने तोच विश्वास विकायला काढावा, ही घटना किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

बाजाराच्या तराजूत :

ऑक्टोबर २०२१ मध्ये फेझने बी. रायली समूहाच्या एका कंपनीशी विलीनीकरणाची घोषणा केली. ही 'स्पॅक' प्रकारची कंपनी होती. अशी कंपनी स्वतः कोणताही उद्योग करीत नाही; आधी भांडवल गोळा करते आणि मग विलीनीकरणासाठी उद्योग शोधते. त्या वेळी फेझचे मूल्य सुमारे १०० कोटी डॉलर सांगण्यात आले. २०२१ या वर्षातील तिचे उत्पन्न मात्र ५ कोटी ३० लाख डॉलरच्या घरात होते आणि ती तोट्यात होती. स्पॅकमधील गुंतवणूकदारांना विलीनीकरणापूर्वी आपले पैसे परत मागण्याचा हक्क असतो. फेझच्या बाबतीत बहुसंख्यांनी तो बजावला. म्हणजे बाजाराने आपला निकाल समभागांची खरेदी-विक्री सुरू होण्याआधीच देऊन ठेवला होता. घोषणेच्या गलबल्यात तो ऐकू आला नाही, इतकेच.

संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा भाग प्रायोजकांकडून येत असे. २०२२ चे उत्पन्न वाढून सुमारे ७ कोटी डॉलर झाले, तोटा मात्र सुमारे १६ कोटी ८५ लाख डॉलर दाखविण्यात आला. त्यातील मोठा हिस्सा विलीनीकरणानिमित्तच्या हिशेबी नोंदींचा होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि उत्पन्न वाढूनही दैनंदिन खर्चाची तोंडमिळवणी होत नव्हती, हेही खरेच. २०२३ च्या पूर्वार्धात, ज्या समभागाची मूळ आधारकिंमत १० डॉलर होती, तो एका डॉलरखाली गेला. संचालक मंडळावर आलेला गायक स्नूप डॉग एप्रिलमध्ये बाहेर पडला. सप्टेंबरमध्ये मुख्याधिकारी ली ट्रिंक यांना पदावरून दूर करण्यात आले. आणि ऑक्टोबरमध्ये 'गेमस्क्वेअर' या टेक्सासमधील कंपनीशी विक्रीचा करार झाला. मोबदला रोख नव्हता, समभागांच्या रूपात होता.

विजयाचे मोल :

याच पार्श्वभूमीवर संघाकडे पाहिले पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये बॉस्टन येथील 'मेजर' स्पर्धेच्या अंतिम सामन्यात निर्णायक डाव हाताशी आलेला असताना क्लाउड९ या संघाने तो जादा वेळेत २२–१९ असा हिरावून घेतला. त्या पराभवातील दोघे, डेन्मार्कचा कर्णधार फिन अँडरसन ऊर्फ 'कॅरिगन' आणि नॉर्वेचा होवार्ड न्यूगार्ड ऊर्फ 'रेन', चार वर्षांनी पुन्हा त्याच पायरीवर उभे राहिले. मधल्या काळात कॅरिगनला संघाबाहेर बसविण्यात आले होते, आणि मग परत बोलावण्यात आले होते. २२ मे २०२२ रोजी अँटवर्प येथे फेझने नाटस व्हिन्सेरे संघाला २–० असे हरविले. पाच खेळाडू, पाच देशांचे : डेन्मार्क, नॉर्वे, कॅनडा, एस्टोनिया आणि लाटव्हिया. एकमेकांशी ते परक्या इंग्रजीत बोलत, कॅनडाचा खेळाडू तेवढा अपवाद. बत्तीस वर्षांचा कर्णधार या क्षेत्राच्या मानाने वृद्धच म्हणायचा. ई-स्पोर्ट्समध्ये कलात्मक उंची असू शकते काय, या प्रश्नावर शंका घेणाऱ्याने बॉस्टन आणि अँटवर्प हे दोन सामने लागोपाठ पाहावेत.

या विजयाचे बक्षीस पाच लाख डॉलर होते. त्या वर्षाच्या दाखविलेल्या तोट्याशी ते ताडून पाहिले तर खेळ हा या संस्थेच्या हिशेबात कोठे बसत होता, हे वेगळे सांगावे लागत नाही. शेअर बाजारात विकायला काढली होती ती तरुणांची जवळीक, आणि तिला वार्षिक वाढीचा दर लावता येईल असे गृहीत धरले होते. संघाचे कसब त्या मांडणीत शोभेपुरते होते. म्हणूनच त्याच्या यशाने संस्था तरली नाही. आणि म्हणूनच संस्थेच्या पडझडीने संघही लगेच मोडला नाही. गेमस्क्वेअरशी विलीनीकरण ७ मार्च २०२४ रोजी पूर्ण झाले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस कोपनहेगन येथील मेजर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, कॅरिगनच्या मायदेशी, फेझचा संघ पुन्हा नाटस व्हिन्सेरेसमोर खेळत होता. तो २–१ असा हरला. डिसेंबरात शांघाय येथे आणखी एका मेजरच्या अंतिम सामन्यात पोहोचला, आणि तेथेही त्याच फरकाने हरला.