जित्याची खोड आणि कंपनीची यादी

आजचा विषय वाचून ओळखीच्या एका काकांनी मला जिन्यातच गाठलं. म्हणाले, "लॅपटॉप दुरुस्तीवर व्याख्यान? त्यासाठी दुकानं आहेत की!" (हशा) काकांचं बरोबर आहे. पण मी दुरुस्ती शिकवायला आलेलो नाही. कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते. मग तुमच्या घरातलं चालतं-बोलतं यंत्र उद्यापासून जुनं झालं, हे ठरवणारी जी यादी असते, तिचीही समीक्षा व्हायला हवी. ती यादीसुद्धा कुणीतरी लिहिलेली असते आणि तिचा परिणाम आपल्यावर एखाद्या कादंबरीपेक्षा जास्त होतो.

सुरुवात आपण बसलोय त्या नारायण पेठेपासूनच करू. इथून केसरीवाडा पायी जाण्याच्या अंतरावर आहे. छपाईसाठी देवनागरीचे खिळे कमी कसे करता येतील, यात लोकमान्यांनीही लक्ष घातलं होतं. अक्षर कागदावर उतरवायची कटकट या भागाला नवीन नाही. खिळे गेले आणि डीटीपी आलं. इथल्या आणि शेजारच्या सदाशिव-शनिवारातल्या डीटीपीच्या खोल्या मी पाहिल्या आहेत. टेबलावर नवा संगणक असतो आणि टेबलाखाली एक जुना डबा. त्याला इंटरनेटची वायर लावलेली नसते. त्यावर विंडोज एक्सपी, त्यात पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं पॅकेज. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि त्याचा पुढचा विकास थांबल्याचं अडोबीनं २००४ मध्येच सांगून टाकलं.

मग तो डबा अजून का ठेवलाय? हौस म्हणून नाही. जुन्या पुस्तकांच्या फायली त्यात आहेत. पुण्याचीच श्रीलिपी घ्या किंवा सी-डॅकचं आयएसएम घ्या. त्या काळातल्या मजकुरात पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलीत तो 'क' नसतो. फाइलीत रोमन लिपीचा एखादा सांकेतिक क्रमांक असतो आणि फॉन्ट त्या जागी 'क' चं चित्र काढतो. फॉन्ट गेला की मराठी गेली, मागे कचरा उरतो. तेव्हा 'सपोर्ट नसलेली प्रणाली वापरणं' हा संगणकवेड्यांचा छंद आहे असं जे समजतात, त्यांनी आधी या खोल्या पाहाव्यात.

आता 'सपोर्ट संपला' या शब्दांकडे येऊ. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. १५ तारखेला सकाळी लॅपटॉप सुरू झाला का? झाला. मग नेमकं संपलं काय? सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं संपलं. याला हसू नका. नव्या आवृत्तीत एखादं भोक बुजवलं जातं, तेव्हा ते नेमकं कुठे होतं हे जगाला कळतं. तेच भोक जुन्या आवृत्तीत असेल, तर तिथे ते उघडंच राहतं. चोराला पत्ता छापून दिल्यासारखं. त्यानंतर हळूहळू ब्राउझर साथ सोडतो. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, पण क्रोम त्यावर २०२३ च्या सुरुवातीपर्यंत, १०९ व्या आवृत्तीपर्यंत मिळत राहिला. सामान्य माणसासाठी खरी शेवटची तारीख ही ब्राउझरची असते. बँक, वीजबिल, मुलांची शाळा, सगळं त्यातूनच चालतं.

आणि ही तारीख तरी दगडावरची रेघ आहे का? विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टनं घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष देऊ केलं, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी ३० डॉलर भरा, किंवा त्यांच्या खात्यात सेटिंग साठवा, किंवा त्यांचे हजार बक्षीस-गुण खर्च करा. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथल्या लोकांना अटी सैल करून मिळाल्या. म्हणजे दुरुस्त्या तयार होतातच. त्या कुणाला, कुठल्या अटीवर द्यायच्या, एवढाच प्रश्न असतो.

आता यादीची समीक्षा. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं, तेव्हा इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप, अशा अटी होत्या. माझ्या मते मर्यादा दोन प्रकारच्या असतात. एक लोखंडातली, दुसरी कागदावरची. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये 'पॉपकाउंट' नावाची एक सूचना लागते. जुन्या कोअर टू ड्युओमध्ये ती सूचनाच नाही. तिथे प्रणाली सुरूच होत नाही, कुणाच्या बापाला ती चालवता येणार नाही. ही लोखंडातली मर्यादा, आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण सातव्या पिढीचं काय? कंपनीची बाजू आधी नीट मांडतो. त्यांचं म्हणणं असं, की मेमरीचं संरक्षण करणारी एक सोय नव्या प्रोसेसरवर वेगात चालते, जुन्यावर संगणक मंदावतो. मुद्दा खरा आहे. मात्र त्यासाठी जी क्षमता लागते, ती इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच आहे! तरीही ती पिढी यादीबाहेर. अपवादही कसा पाहा. लॅपटॉपसाठीच्या सातव्या पिढीतला ७८२०एचक्यू हा एक प्रोसेसर यादीत आला. तो कुठे होता? मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये. (हशा) घरातल्या मुलाला सवलतीचे गुण देऊन पास करावं, तसं हे झालं. एखाद्या कादंबरीत नियम मोडणारं एकमेव पात्र लेखकाचा नातेवाईक निघालं, तर समीक्षक काय म्हणेल? मी तेच म्हणतो. ही मर्यादा कागदावरची आहे.

आता मंडळी, इथे टाळ्या घेऊन मला खाली बसता आलं असतं. पण दुसऱ्या बाजूचीही समीक्षा करायला हवी, कारण त्या बाजूला मी स्वतः आहे. 'कंपनीनं सोडलं? मग लिनक्स टाका, अर्ध्या तासाचं काम!' असं आम्ही छातीठोकपणे सांगतो. अर्धा तास खरा आहे. नंतरचे पंधरा दिवस कुणी सांगत नाही.

माझा लॅपटॉप २०१७ चा, कंपनीचं नाव घेत नाही. लिनक्स टाकलं. पडदा, आवाज, वायफाय, सगळं झकास. रात्री झाकण बंद करून झोपलो. सकाळी बॅटरी शून्य. इंग्रजीत याला 'क्वर्क' म्हणतात, आपल्याकडे नेमका शब्द आहे खोड. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि लॅपटॉप तर जिवंत होता.

ही खोड येते कुठून? प्रत्येक लॅपटॉपच्या आत कंपनीनं लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, फर्मवेअर. यंत्र झोपवायचं कसं, उजेड कमी कसा करायचा, झाकण मिटल्याचं कसं कळवायचं, हे त्यातल्या तक्त्यांत लिहिलेलं असतं. तो प्रोग्रॅम समोरच्या प्रणालीला विचारू शकतो, 'तू कोण?' कंपनीनं चाचणी घेतलेली असते ती बहुधा विंडोजवरच, त्यामुळे विंडोज सोडून दुसरं उत्तर आलं की तो भलत्याच वाटेला जातो. यावर लिनक्सनं काय तोडगा काढला असेल? 'तू विंडोज का?' या प्रश्नाला लिनक्स 'हो' म्हणतं, आणि 'तू लिनक्स का?' याला मुद्दाम 'नाही' म्हणतं. (हशा) भाड्यानं खोली मिळावी म्हणून खरं आडनाव लपवणाऱ्या माणसाची आठवण होते. हसू येतं, पण बाजारात एकाच प्रणालीला घर मिळतं, हेही त्यातून कळतं.

माझ्या यंत्रात झोपेचे दोन प्रकार होते. एक वरवरची डुलकी, दुसरी गाढ झोप. लिनक्सनं यंत्राच्या सांगण्यावरून डुलकी निवडली होती. सुरू होतानाच्या सूचनांमध्ये एक ओळ घालून मी गाढ झोप निवडली. बॅटरी वाचली, पण जागं झाल्यावर टचपॅड मेलेला. त्याचा ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला की तो जिवंत व्हायचा. मग तेवढ्यासाठी एक छोटी आज्ञा लिहून ठेवली. आणि एवढं करून दर आठ-दहा वेळांतून एकदा यंत्र उठतच नसे. शेवटी मी काय केलं? झाकण मिटण्याआधी लॅपटॉप सरळ बंद करतो. पंधरा दिवसांच्या संशोधनाचं फलित! (हशा)

पण यातून शिकलो ते सांगतो. पहिलं, काहीही पुसण्याआधी पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहायची, आणि झाकण बंद करूनही पाहायचं. दुसरं, मॉडेलच्या नावावर विसंबायचं नाही. एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांत वायफायच्या चिप वेगळ्या असू शकतात. चिपचा स्वतःचा ओळखक्रमांक असतो, तो शोधायचा. तिसरं, एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. चार बदल एकदम केले आणि यंत्र सुधारलं, तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही, बिघडलं तरी कळत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लिनक्सच्या गाभ्यात 'क्वर्क्स' याच नावाच्या फायली आहेत. अमुक चिप अशी वागते, तमुक लॅपटॉपला हा प्रश्न विचारू नका, अशा शेकडो नोंदी. प्रत्येक नोंदीमागे कुणाची तरी रात्र गेलेली आहे. म्हणून 'अनसपोर्टेड' हा शब्द अर्धवट आहे. आधार कुणाचा तरी असतोच. कंपनीनं काढून घेतलेला भार दुसरं कुणीतरी उचलतं. काही वेळा पगारी माणसं, पुष्कळदा स्वयंसेवक, आणि शेवटी आपण. आमच्या बाजूची चूक ही, की या भाराची किंमत आम्ही शून्य धरतो. दिवसभर पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्या बाईंकडे ना ते पंधरा दिवस आहेत, ना ते सगळं इंग्रजी वाचायची उसंत. त्यांना 'लिनक्स टाका' एवढंच सांगणं म्हणजे सल्ला नव्हे, टोलवाटोलवी आहे.

म्हणून शेवटी पुन्हा त्या टेबलाखालच्या डब्याकडे जातो. त्याची हार्डडिस्क एक दिवस जाणार. तेव्हा तोटा संगणकाचा होणार नाही, पुस्तकांचा होईल. पीडीएफ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. जुन्या फॉन्टची पीडीएफ छापता येते, पण त्यातला मजकूर कॉपी केला की तोच कचरा हाती येतो. डबा चालू आहे तोवर तीन कामं करा. हार्डडिस्कची हुबेहूब प्रत काढा. मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये आणा. रूपांतर करताना प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा लागतो, आणि रफार व जोडाक्षरं हमखास घसरतात, तेव्हा मुद्रितशोधन पुन्हा करावंच लागेल. आणि फॉन्टच्या पॅकेजला कुलूप म्हणून डोंगल असेल, तर तो सोन्यासारखा जपा. यूएसबीचा असेल तर नव्या संगणकातल्या आभासी यंत्राला जोडून पाहता येतो. जुन्या प्रिंटरच्या पोर्टचा असेल, तर तो डबा हाच तुमचा एकमेव दरवाजा समजा.

कंपन्यांकडून मागायचं असेल, तर फुकट सेवा मागू नका. 'आम्ही सोडतोय' म्हणताना फर्मवेअरची माहिती आणि कुलपांच्या किल्ल्या सोडून जा, एवढं मागा. युरोपात २० जून २०२५ पासून नव्या फोन आणि टॅबलेटना विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं अपडेट देण्याचं बंधन आहे. लॅपटॉप त्यात नाहीत. आपल्याकडे केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर' चं पोर्टल २०२२ मध्ये सुरू केलं. पण स्क्रू आणि सुटे भाग मिळाले म्हणजे दुरुस्ती झाली, ही समजूत आता पुरेशी नाही. यंत्र सॉफ्टवेअरनं मारलं जात असेल, तर दुरुस्तीच्या हक्कात सॉफ्टवेअर यायला हवं.

(श्रोत्यांमधून प्रश्न : माझ्याकडे विंडोज १० चा लॅपटॉप आहे. मी आज घरी जाऊन काय करू?)

काकू, आज फक्त फोटो आणि कागदपत्रांची दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा. मग पाहा, वाढीव वर्षाची नोंदणी होतेय का. झाली तर विचार करायला सवड मिळेल. त्या सवडीत नातवाला पेनड्राइव्ह घेऊन बसवा आणि झाकण बंद करून पाहायला सांगा. (हशा) सगळं नीट उठलं तर बदला. नाही उठलं तर या लॅपटॉपवर बँकेचं काम करू नका, पण तो भंगारातही देऊ नका. लिहायला, वाचायला, गाणी ऐकायला त्याला कुठल्याच यादीची परवानगी लागत नाही.

बाकीचे प्रश्न चहा घेता घेता घेऊ.